मुलांना घेऊन टोटोरो बघायचा असेल तर

गेल्या दोन-तीन महिन्यांत तिघी मैत्रिणींनी मला विचारलं, की मुलांना ते जपानी कार्टून सिनेमे, टोटोरो वगैरे, दाखवायचेत तर सुरुवात कुठून करू, भाषा कळेल का त्यांना, घाबरतील का, आणि तिघींनाही मी फोनवर अर्धा-अर्धा तास सांगत बसले तरी दरवेळी काहीतरी राहिलंच. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. माझा थोरला नऊ वर्षांचा आहे, धाकटी पाचची, आणि घरात हे सिनेमे चार वर्षं चालू आहेत, त्यामुळे खाली जे आहे ते करून बघितलेलं आहे, काही चुकलेलं पण आहे, तेही सांगते.

आधी हे, की जपानी कार्टून हे आत्ताच्या पोरांचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपला रविवार आठवा. नव्वदच्या दशकात सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, त्याच्यासाठी आपण अंघोळी उरकून ओल्या केसांनी टीव्हीसमोर जाऊन बसायचो, तो मोगली जपानमध्ये तयार झालेला होता, निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीत, 1989 साली. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं आणि संगीत विशाल भारद्वाजचं, म्हणून आपल्याला तो पहिल्यापासून घरचाच वाटला. म्हणजे आपली पण लहानपणीची काही चित्रं त्याच देशातल्या लोकांच्या हातची आहेत.

सुरुवात टोटोरोपासून करा. यात मला शंका नाही. पूर्ण नाव माय नेबर टोटोरो, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, स्टुडिओ जिबलीचा सिनेमा, 16 एप्रिल 1988 ला जपानमध्ये लागला. लांबी फक्त 86 मिनिटं. गोष्ट 1950 च्या दशकातली, साधारण आपल्या आजीआजोबांच्या तरुणपणाची. आई हॉस्पिटलात आहे म्हणून बाबा दोन मुलींना घेऊन टोकियोच्या बाहेर एका खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. मोठी सात्सुकी, धाकटी मेई, ती चार वर्षांची. शेजारच्या रानात एक प्रचंड केसाळ प्राणी राहतो, तो टोटोरो. खलनायक नाही, मारामारी नाही, शर्यत नाही. पहिल्यांदा मी एकटीने बघितला तेव्हा निम्मा होईपर्यंत वाट बघत होते की आता काहीतरी वाईट होणार, कोणीतरी दुष्ट येणार. कोणीच आलं नाही, आणि वाट बघण्याच्या नादात निम्मा सिनेमा माझ्या हातून निसटला.

या सिनेमात जिथे काहीच घडत नाही तिथेच तो असतो, आणि नेमकं तिथेच आपला हात फोनकडे जातो. 2002 साली रॉजर ईबर्ट नावाच्या अमेरिकन समीक्षकाने मियाझाकींना विचारलं की तुमच्या सिनेमात माणसं नुसती बसलेली, नुसती बघत असलेली असं का असतं, तर त्यांनी तीन-चार टाळ्या वाजवून दाखवल्या आणि सांगितलं की दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ, त्याला जपानीत मा म्हणतात. जे तबला शिकलेत किंवा ज्यांची मुलं शिकतायत त्यांना हे लगेच कळेल. तालातली रिकामी जागा, खाली, आपण मोजतोच की. तिथे हात नुसता बाजूला जातो, पण मात्रा मोजली नाही तर समेवर कोणी येत नाही. टोटोरो बघताना ती खाली मोजायची, बस.

टीव्हीचं काम आदल्या दिवशी

सिनेमा लॅपटॉपवर नको, फोनवर तर अजिबात नको, टीव्हीवर बघा, कारण लांबवरच्या शॉटमध्ये मेई मुंगीएवढी दिसते आणि सगळी गंमत त्या शेताच्या आणि आकाशाच्या मोठेपणात आहे. आता टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूद करणारं जे काही असेल ते बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते पण मोशन हा शब्द बहुतेक असतोच. कारण असं, की सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात, पण हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकच चित्र बऱ्याचदा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 किंवा 8 चित्रं. त्या थांबण्यालाच एक लय असते. टीव्ही दोन चित्रांच्या मधली खोटी चित्रं स्वतः तयार करून घुसवतो आणि मग सगळं तेलकट, घसरल्यासारखं दिसायला लागतं. आमच्याकडे पहिल्या वेळी हे चालूच राहिलं होतं, थोरला म्हणाला आई ही माणसं पाण्यात चालल्यासारखी का चालतायत, तेव्हा मी शोधलं.

दुसरं, ॲपमध्ये पुढचं आपोआप सुरू होतं ते बंद करून ठेवा. हे का, ते शेवटी सांगते, पण विसरू नका.

भाषेचं काय

माझं मत स्पष्ट आहे, आवाज जपानीच ठेवायचा, सबटायटल इंग्लिश, आणि वाचता न येणाऱ्या मुलाला आपण शेजारी बसून मराठीत सांगायचं. इंग्लिश डबिंग वाईट नाहीये, कोणाला तेच सोयीचं असेल तर जरूर लावा. पण जपानी ठेवायचं एक कारण असं की जपानी घर आपल्या घरासारखं बोलतं आणि इंग्लिशमध्ये नेमकं तेच गळून पडतं. मेई मोठ्या बहिणीला नावाने हाक मारत नाही, ती ओनेएचान म्हणते, म्हणजे सरळ ताई. शेजारच्या म्हातारीला दोघी ओबाआचान म्हणतात, म्हणजे आजी, सख्खी नसली तरी आजीच. बाहेरून घरात पाऊल टाकताना तादाइमा, म्हणजे आपलं आलो गं, आणि आतून ओकाएरी, म्हणजे आलास का बाळा. इंग्लिशमध्ये ताईची सात्सुकी होते, आणि मेई ताई ताई करत मागे धावतेय त्यातला जीव जातो. मराठीत सांगताना तुम्हाला काही शोधावंच लागत नाही, शब्द तयार असतात.

सांगायची पण एक रीत आहे. सगळी वाक्यं सांगायची नाहीत. आदल्या रात्री एकदा एकट्याने बघून घ्या आणि ज्या वाक्याशिवाय पुढचं अडेल तेवढीच सांगा, हळू आवाजात, कानाजवळ. मी पूर्ण सिनेमात शंभरेक वाक्यं सांगत असेन, त्यातली पण अर्धी चार शब्दांची. आणि जिथे पडद्यावर कोणी बोलत नाहीये तिथे आपणही बोलायचं नाही. हे फार अवघड जातं. आता बघ हं काय होतं, तो बघ तो बघ, घाबरू नकोस हं, हे सगळं आपोआप तोंडातून येतं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मुलाच्या हातातलं काहीतरी काढून घेतं. ओठ मिटून बसा. मूल बोललं तर ऐका, उत्तर एका शब्दात.

कुठे, कधी, काय खात

रात्री झोपताना नको, दुपारची झोप झाली की चार-साडेचारला बसा, म्हणजे संपल्यावर अजून थोडा उजेड असतो आणि पोरांना बाहेर पळता येतं. सोफ्यावर नको, खाली चटई किंवा गोधडी टाका, मुलाला टेकायला तुमचं अंग मिळालं पाहिजे. खायला काकडी द्या, अख्खी, सालासकट, मिठात बुडवून. सिनेमात आजीच्या मळ्यात मुली वाहत्या पाण्यात गार केलेल्या काकड्या कडाकडा खातात, आणि त्याच वेळी आपल्या मुलाच्या दाताखाली काकडी मोडली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पॉपकॉर्नचा आवाज या सिनेमाला जास्त होतो. फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत.

बघताना

सुरुवातीला सामान उतरवताना सात्सुकीला घरात पटकन जायचं असतं आणि पायात बूट असतात, तर ती गुडघ्यांवर रांगत जाते, जमिनीला बूट लागू नयेत म्हणून. माझा मुलगा इतका खूश झाला, कारण बस आली की बूट काढायचा कंटाळा म्हणून तो पण डबा घ्यायला असाच गुडघ्यांवर किचनपर्यंत जातो. ज्या घरांमध्ये चपला बाहेर काढतात त्यांनाच हे दिसतं.

मग थोड्या वेळाने एक भाग येतो तो सांभाळा. सात्सुकी शाळेत गेलीय, बाबा टेबलाशी काम करतायत आणि मेई अंगणात एकटी. ती फुलं तोडून आणून बाबांच्या टेबलावर मांडते. डबक्यात बेडकाची पिल्लं बघते. एक बूड नसलेली बादली सापडते, ती उचलून त्यातून आरपार बघते. मग त्या भोकातून तिला गवतात पडलेलं ओकचं एक फळ दिसतं, मग अजून एक, मग अजून एक, आणि त्या मागावर जाता जाता टोटोरो सापडतो. मोठ्या माणसाला इथे कंटाळा येतो, पुढे जावंसं वाटतं. माझी लेक याच ठिकाणी पहिल्यांदा पुढे सरकून बसली. तिची मान त्या बादलीच्या दिशेने वळली होती, तोंड थोडं उघडं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझी बांगडी डोळ्याला लावून गॅलरीतल्या कुंड्या बघत होती, एकेक कुंडी, घाई न करता.

आणि मला माझं आठवलं. आमच्या गावच्या घरी, संगमेश्वरच्या बाजूला, तुळशीच्या मागे एक फुटका रांजण होता, त्याच्या भोकातून मी तासन्‌तास बघायची. काय बघायची कोण जाणे, पलीकडे फक्त गडगा होता आणि शेवाळ. पण भोकातून बघितलं की तो गडगा दुसऱ्याच कुठल्या गावचा असायचा. तीस वर्षं मला त्या रांजणाची आठवण आली नव्हती. म्हणून सांगते, आपलं लहानपण परत आठवावं म्हणून ठरवून काही करायला जाऊ नका, मुलांना आमच्या वेळी असं होतं हे तर सांगूच नका त्या वेळी. मुलाच्या शेजारी गप्प बसलं की ते येतं आपलं आपण, कुठल्या भोकातून येईल सांगता येत नाही.

मेई टोटोरोला भेटून आल्यावर काय होतं ते आपण मोठ्यांनी दोनदा बघावं. ती सांगते मी टोटोरो बघितला, आणि नेमकं तेव्हा ते झाड सापडत नाही, सगळे हसतात, तिला राग येतो, ती म्हणते मी खोटं बोलत नाहीये. बाबा म्हणतात हो, माहितीये. स्वप्न पडलं असेल असं म्हणत नाहीत. ते तिला सांगतात तुला मोरी नो नुशी, म्हणजे रानाचा धनी, भेटला असणार, तो नेहमी भेटतोच असं नाही, आणि मग दोघींना घेऊन त्या मोठ्या झाडाशी जाऊन वाकून नमस्कार करतात. मोरी नो नुशीला मी मराठीत राखणदार म्हणते. कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही, गावाचा राखणदार असतोच, त्याला नारळ असतोच. झाडाच्या बुंध्याला जाड दोर बांधलेला दिसतो, ते पवित्र झाड आहे याची खूण. धाकटी म्हणाली, वटपौर्णिमा झालीय इकडे. मी हो म्हटलं.

ते झाड कापराचं आहे. आरतीतला कापूर मूळ ज्या झाडाच्या लाकडापासून काढायचे तेच, जपानीत कुसुनोकी. सिनेमा संपल्यावर देव्हाऱ्यातली एक वडी मुलांच्या हातावर ठेवा आणि वास घ्यायला सांगा, टोटोरोच्या घराचा वास म्हणून. आमच्याकडे आता आरतीला दोघं न बोलावता येतात. आणि ते रान खरं आहे, टोकियोच्या वायव्येला तोकोरोझावा गावाजवळच्या सायामा टेकड्यांवरून घेतलंय, मियाझाकी त्याच भागात राहतात. बांधकामं वाढत चालली तेव्हा 1990 पासून लोकांनी वर्गणी काढून तिथले जंगलाचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली, टोटोरोचं रान या नावाने ते राखलंय. आपल्या देवराया जशा देवाच्या नावावर टिकल्या तसं ते एका चित्रातल्या प्राण्याच्या नावावर टिकलंय.

एक छोटी गोष्ट. बाबा आणि मुली एकत्र अंघोळ करतानाचं एक दृश्य आहे, बाहेर वादळ, घर करकरतंय आणि भीती घालवायला तिघं मोठमोठ्याने हसतात. जपानी घरात अशी एकत्र अंघोळ अगदी साधी गोष्ट आहे. आपण चुळबुळ केली नाही तर मुलं काहीच विचारत नाहीत.

मग बसस्टॉप. पाऊस. संध्याकाळ. बाबा छत्री विसरून गेलेत म्हणून दोघी त्यांची छत्री घेऊन रानाच्या कडेच्या स्टॉपवर उभ्या. बस येते, बाबा नाहीत त्यात. अंधार पडतो. मेई पेंगायला लागते, सात्सुकी तिला पाठंगुळीला घेते, मान आणि खांदा यांच्यात छत्री अडकवून. एक बेडूक रस्ता ओलांडतो. दिवा लागतो. आणि मग छत्रीच्या कडेखालून आधी फक्त नखं असलेले पाय दिसतात. टोटोरो शेजारी येऊन उभा राहिलाय, डोक्यावर एक पान, आपलं अळूचं असतं तसं, एवढंच. भिजतोय. सात्सुकी बाबांची छत्री त्याला देते. आता तो छत्री घेऊन उभा, आणि वरच्या झाडावरून एक थेंब छत्रीवर पडतो, टप्प. त्याच्या अंगावर शहारा येतो. मग दोन-तीन. मग तो उडी मारतो, जमीन हादरते, आणि सगळ्या झाडांवरचं साठलेलं पाणी एकदम छत्र्यांवर कोसळतं, आणि तो आनंदाने डरकाळी फोडतो.

किती मिनिटं आहे हे मोजलं नाही मी कधी. या पूर्ण वेळात तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, मराठी सांगायचं नाही, काही नाही. आवाज थोडा वाढवून ठेवा आधीच. माझी लेक त्या पहिल्या थेंबाला माझ्या हातात हात न घालता माझा अंगठा धरून बसली होती, आणि उडीच्या वेळी तिने श्वास धरला होता, मला तिच्या पाठीवरून कळत होतं. हे असं कळायला मूल अंगाला टेकलेलं हवं, म्हणून ती चटई.

आईचं काय होतं

सिनेमाच्या शेवटच्या भागात हॉस्पिटलमधून तार येते, आईचं घरी येणं लांबतं, सात्सुकी इतका वेळ मोठी होऊन वागत असते ती ओक्साबोक्शी रडते, आणि मेई आईला कणीस द्यायचं म्हणून एकटीच निघून जाते, हरवते. तळ्यात एक छोटी चप्पल सापडते. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे जड जातं. आई मरते का, हा प्रश्न येतोच. मी इथे नियम मोडते आणि सरळ सांगते, नाही, मरत नाही, मेई पण सापडते. गोष्ट फुटली तरी चालेल, ज्या मुलाच्या पोटात गोळा आलाय त्याला उत्तर हवं असतं. मियाझाकींची स्वतःची आई ते लहान असताना मणक्याच्या टीबीने कित्येक वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा मूल अशा वेळी कशाला घाबरतं हे त्यांना माहिती होतं.

मलाही माहिती होतं पण मी ते बाजूला ठेवलं होतं. मी पाच वर्षांची असताना आई दोन महिने हॉस्पिटलात होती, मला कोणी काही सांगितलं नव्हतं, सगळे फक्त आई येईल हं आता म्हणायचे. ताई अकरा वर्षांची. ती माझी वेणी घालायची, घट्ट, दुखायची, आणि शाळेला जाताना दोन डबे भरायची. सिनेमात सात्सुकी सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते, आणि हॉस्पिटलात गेल्यावर आई तिचे केस विंचरते, ते बघताना मला एकदम कळलं की त्या दोन महिन्यांत ताईचे केस कोण विंचरत होतं हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मी सिनेमा संपल्यावर तिला फोन केला. ती म्हणाली कोणी नाही गं, मी स्वतःच कापून टाकले होते, आजी ओरडली होती. आम्ही खूप वेळ बोललो त्या दिवशी. मुलं शेजारी काकडीची शेवटची टोकं खात बसली होती आणि ऐकत होती, आणि मी त्यांना ऐकू दिलं.

आता ते ॲपचं. गोष्ट संपली की नावं सुरू होतात, आणि बहुतेक ॲप लगेच चित्र लहान करून कोपऱ्यात ढकलतात, पुढचं काहीतरी लावतात. पण याच नावांच्या मागे उरलेली गोष्ट आहे. आई टॅक्सीतून घरी येते, मुलींना जवळ घेते, अंथरुणात त्यांना गोष्ट वाचून दाखवते. ज्या मुलाने तासभर आईची काळजी केलीय त्याला हे न दाखवता टीव्ही बंद करणं बरोबर नाही. आमच्या पहिल्या वेळी ते निसटलं, लेकीने रात्री झोपताना परत विचारलं की मग आली का ती घरी. रिमोट हातात ठेवा आणि नावं सुरू झाली की परत मोठ्या स्क्रीनवर घ्या.

संपल्यावर लगेच कसा वाटला, काय शिकलास असं विचारू नका. दिवा पण लावू नका दोन मिनिटं. आठवड्याभरात मूल स्वतः काहीतरी काढतं. मुली बिया पेरतात आणि रात्री टोटोरोसोबत नाचून झाड वाढवतात, सकाळी खरंच कोंब आलेले असतात, ते बघून आमच्याकडे मेथी पेरली, ती तीन दिवसांत वर येते, लहान मुलाला तेवढाच धीर असतो. थोरल्याला मात्र एक कोडं द्या. पोस्टरवर बसस्टॉपला टोटोरोशेजारी एकच मुलगी आहे, सात्सुकी पण नाही आणि मेई पण नाही. कारण आधी गोष्टीत एकच मुलगी होती, नंतर तिच्या दोघी झाल्या. सात्सुकी हे पाचव्या महिन्याचं जुनं जपानी नाव आणि मेई म्हणजे इंग्लिश मे. दोघींचं नाव एकच. माझा मुलगा हे शाळेत सगळ्यांना सांगत होता.

त्यानंतर कुठला

टोटोरो चार-पाच वेळा झाल्याशिवाय दुसरा लावू नका. मुलं मागतातच परत, आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बघतात. मग पोन्यो, 2008 चा, 101 मिनिटं, पाच वर्षांचा मुलगा आणि समुद्रातून आलेली मासोळी. त्यासाठी सुमारे 1 लाख 70 हजार चित्रं हाताने काढलीत, लाटा तर जिवंत मासे असल्यासारख्या धावतात. मोठ्या लाटेत गाव बुडतं, ते आधी सांगून ठेवा. त्यात उकडलेलं अंडं घातलेले नूडल्स आहेत, झाकण ठेवून तीन मिनिटं थांबायचं असतं, तुम्ही पण तेच करा, तीन मिनिटं डोळे मिटून. किकीज डिलिव्हरी सर्व्हिस, 1989, सहा-सात वर्षांनंतर, विशेषतः ज्या मुलाला आपलं काहीतरी जमत होतं ते अचानक जमेनासं झालंय अशा मुलाला.

स्पिरिटेड अवेला ऑस्कर मिळालं आणि बर्लिनचं गोल्डन बेअर पण, म्हणून सगळे तोच आधी लावतात. मी पण तेच केलं होतं, मुलगा सहाचा नव्हता झाला. आईबाप खाता खाता डुकरं होतात तिथे तो किंचाळला आणि नंतर चार रात्री माझ्या बाजूला झोपला, हात माझ्या चेहऱ्यावर ठेवून, मी मीच आहे ना बघायला. मियाझाकींनी तो ओळखीतल्या दहा वर्षांच्या मुलींसाठी केला होता, गोष्टीतली चिहिरो पण दहाचीच आहे. नऊ-दहापर्यंत थांबा. यंदा आम्ही परत लावला, त्याने पूर्ण बघितला आणि शेवटी म्हणाला, ती डुकरं ओळखते ते बरोबर आहे, मी पण ओळखलं असतं तुला.

प्रिन्सेस मोनोनोके तेरा-चौदानंतर, त्यात बाणाने हात तुटतात, डोकी उडतात. आणि ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज लहान मुलांना दाखवू नका. इसाओ ताकाहातांचा, 1945 चं कोबे, बॉम्बहल्ले, दोन भावंडं, भूक. खूप थोर सिनेमा आहे, तुम्ही मोठ्यांनी एकदा बघाच, पण एकटे. जपानमध्ये तो टोटोरोच्याच दिवशी, त्याच खेळाला जोडून लावला होता, म्हणून एकाच स्टुडिओचं नाव बघून मुलांचाच असणार असं धरून चालू नका.

आणि पावसाळा आला की एक काम करा. झाडाखाली घेऊन जा मुलांना, पाऊस थांबल्यावर, पानांवर पाणी साठलेलं असतं तेव्हा, नाहीतर जुन्या घराच्या पागोळ्यांखाली. फांदी एकाने हलवायची, बाकीच्यांनी छत्रीखाली गप्प उभं राहायचं. छत्री मात्र काळी, मोठी, जुन्या माणसांची असते तशी लाकडी दांड्याची घ्या, मुलांच्या त्या छोट्या रंगीत छत्रीवर थेंबाचा आवाज येत नाही.